फाट्यावरची टिपणे : चेहरा

१
वारंगा फाट्याला तीन वाटा फुटतात. एक अर्धापूरवरून नांदेडला, एक आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला, आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ, वर्धा आणि शेवटी नागपूरला. गाडी थांबली की लोक खिचडीच्या हॉटेलात शिरतात. मी बाहेरच्या बाकावर बसते आणि चेहरे बघते. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियांविषयी गेले काही महिने वाचते आहे. हाताशी आले ते इथे लिहून ठेवते.

२
चहाच्या दुकानातल्या मावशी विचारतात, "ताई, ते फेसलिफ्ट का काय, त्यानं माणूस वीस वर्षांनी ल्हान दिसतंय म्हणं. मंग आधार कार्डावरच्या फोटूचं काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. चेहरा तोच राहतो, मावशी. नाक, डोळे, ओठ, हाडांची ठेवण यातले काहीच फेसलिफ्टने बदलत नाही. उतरलेले वर जाते, एवढेच.

३
काय उतरते? गालाच्या उंचवट्यावरची चरबी खाली सरकते. नाकापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते. जबड्याची रेघ मोडून दोन्ही बाजूंना मांस लोंबू लागते. हनुवटीखाली दोन उभ्या कडा दिसतात. त्या प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूच्या. कातडीतले कोलॅजन कमी होते, हाडही झिजते. दात गेले की जबड्याचे हाड लवकर झिजते आणि चेहऱ्याचा खालचा भाग आखडतो. नीट कवळी बसवल्यावर म्हाताऱ्या माणसाचे गाल भरून येतात ते यामुळे. तिथे सर्जनची गरज नसते, दंतवैद्य पुरतो.

४
१९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन हॉलेंडर या सर्जनने एका खानदानी बाईच्या आग्रहावरून तिच्या कानाजवळची कातडी कापली आणि टाके घातले. फेसलिफ्टची ही पहिली नोंद मानतात. पुढची सत्तर वर्षे बहुतेक सगळे सर्जन नुसती कातडीच ओढत राहिले. कातडी पुन्हा सैल पडायची, कानाची पाळी खाली खेचली जायची, व्रण रुंद व्हायचे. १९७४ मध्ये स्वीडनच्या टोर्ड स्कूग यांनी कातडीबरोबर तिच्याखालचा थरही उचलला. १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी त्या थराची रचना नीट मांडली. त्याला स्मास म्हणतात. गोधडीचे वरचे लुगडे ओढून उपयोग नसतो, आतल्या थरांना टाका धरावा लागतो, तसेच हे. आज चांगली शस्त्रक्रिया ती, जिच्यात सगळा ताण आतला थर घेतो आणि कातडी वरून ताण न देता शिवली जाते.

५
पर्याय विचारले की डॉक्टर भराभर नावे सांगतात आणि ऐकणारी बाई गोंधळते. मी लावून घेतलेला हिशेब असा.

जबडा नुकताच सैल पडू लागला असेल तर मिनी लिफ्ट: छेद कानापुढेच, गुण मर्यादित, मानेला फारसा उपयोग नाही. गाल, जबडा आणि मान तिन्ही उतरले असतील तर पूर्ण फेसलिफ्ट. तिचा छेद कानशिलाच्या केसांत सुरू होतो, कानापुढून उतरतो, पाळीला वळसा घालून कानामागे जातो आणि मानेवरच्या केसांत लपतो. आत स्मासचा थर दुमडून शिवतात किंवा त्याची पट्टी काढून कडा जोडतात. अमेरिकेतल्या सॅम हॅमरा यांनी १९९० मध्ये मांडलेल्या डीप प्लेन पद्धतीत त्या थराच्याही खालून जाऊन त्याला जखडणारे बंध सोडवतात. गालाचा मधला भाग आणि नाकाकडची घडी त्यात जास्त सुधारते. पण सर्जनचा हात चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्यांच्या अगदी जवळ फिरतो, म्हणून तो सरावाचाच हवा. मान फार लोंबत असेल तर हनुवटीखाली वेगळा छेद घेऊन प्लॅटिस्माच्या कडा जोडतात.

पापण्या वेगळ्या, कपाळ वेगळे. ओठांभोवतीच्या बारीक रेषा आणि वांग फेसलिफ्टने जात नाहीत. खोबणी पडलेल्या ठिकाणी पोटाची किंवा मांडीची चरबी भरतात. ती सगळी टिकत नाही, काही भाग शरीर शोषून घेते.

६
न कापता होणाऱ्या गोष्टींना मुदत असते. बोटुलिनमची सुई कपाळाच्या आठ्यांसाठी: तीन-चार महिने. हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर: सहा महिने ते दीड वर्ष. विरघळणारे धागे घालून गाल वर घेणे: धागा काही महिन्यांत विरघळतो, गुण साधारण वर्षभर.

सुई म्हटली की लोकांची भीती जाते. फिलर चुकून रोहिणीत गेले तर कातडी काळी पडून मरू शकते आणि क्वचित कायमचे अंधत्व येते. ते विरघळवण्याचे औषध लगेच हाताशी लागते. पार्लरमध्ये ते नसते. पार्लरमध्ये फिलर भरून घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी.

७
फाट्यावर वाढदिवसाचे फलक. त्यावरच्या एकाही चेहऱ्याला एकही सुरकुती नाही. खाली उभी असलेली त्यांची सख्खी माणसे उन्हाने रापलेली.

८
श्रद्धांजलीच्या फलकावर आजोबांचा फोटो तिशीतला असतो. घरच्यांनी शोधून शोधून तोच काढलेला असतो. माणूस कसा आठवावा याबद्दल घरच्यांचे मत त्यात असते.

९
कावसजीची गोष्ट पुन्हा वाचली. शेतकरी मराठा, इंग्रज फौजेत बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज सर्जननी हे काम पाहिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याचे वर्णन चित्रासकट छापून आले.

आधी मेणाचे नाक करून माप घ्यायचे. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे, भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी मात्र न कापता ठेवायची, म्हणजे त्या कातडीचा रक्तपुरवठा चालू राहतो. प्लास्टिक सर्जरीचे आजचे विद्यार्थीही कपाळाची कातडी याच तत्त्वावर वळवतात.

१०
त्याच वर्णनातली शुश्रूषा: भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक नाकावर ठेवल्या. चार दिवस दुसरे काही नाही. मग तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाच्या सुरळ्या. साधारण पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापायची.

रोग्याला केव्हा काय करायचे हे त्या माणसाला दिवसांसकट माहीत होते. वर्णनात त्याचे नाव मात्र नाही. रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्या साहेबांची राहिली, करणाऱ्याचे गेले. मला हा मोठा अन्याय वाटतो.

११
हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी सराव केला आणि १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही विद्या युरोपभर गेली.

१२
फाट्यावरून उमरखेडची वाट धरली तर शेवटी नागपूर येते. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातला तो पहिला मानतात. त्याच वाटेवर वर्ध्याजवळ दत्तपूर लागते. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठधाम सुरू केले. या दोन नावांचा मी पूर्वी एकत्र विचार केला नव्हता.

१३
महारोग बरा झाला तरी चेहरा सांगत राहायचा. जंतू भुवयांच्या केसांची मुळे मारतात. कानाच्या पाळ्या फुगून लोंबतात. नाकातले अस्तर आक्रसते आणि नाकाचा दांडा आत बसतो. चेहऱ्याची कातडी गाठींनी जाड होते. औषधाने गाठी विरल्या की ताणलेली कातडी रिकामी लोंबते. तिशीतला माणूस साठीचा दिसतो. अंगात एकही जिवंत जंतू नसतो, तरी एसटीत शेजारची जागा रिकामी राहते.

१४
मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी या चेहऱ्यांवर काम केले. विलायतेत हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली ते शिकले होते. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केले आणि मग जे. जे. मध्ये प्लास्टिक सर्जरी विभाग घडवला. बसलेल्या नाकाला बाहेरून हात न लावता आतून कातडीचे नवे अस्तर द्यायचे, म्हणजे बाहेरचे नाक पुन्हा उभे राहते. डोक्यावरच्या केसांची पट्टी तिच्या रक्तवाहिनीसकट आणून भुवया करायच्या. लोंबलेली पाळी कापून लहान करायची. आणि रिकामी लोंबणारी कातडी ओढून, जादाची कापून टाकायची.

यातले शेवटचे काम म्हणजे फेसलिफ्ट. नट्या आणि श्रीमंत बायका ज्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी जात, ती आपल्याकडे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांवरही झाली. त्यांना तरुण दिसायचे नव्हते. त्यांना गावात परत जायचे होते.

१५
अंतियांनी कान पुन्हा घडवण्याची एक पद्धतही दिली. ती जगभरच्या पुस्तकांत अंतिया-बुच या नावाने आहे. पुढे त्यांनी अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या आणि काम उत्तम करायच्या, असे ते आवर्जून सांगत. २००७ मध्ये ते गेले. प्लास्टिक सर्जरी म्हटले की मुंबईतल्या चकचकीत दवाखान्यांची नावे निघतात. अंतियांचे नाव आधी निघायला हवे.

१६
जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते. ते कायद्यातून २०१९ मध्ये निघाले.

१७
आमच्या भागात मी पाहिलेल्या चेहऱ्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया बहुतेक तोंडाच्या कर्करोगाच्या. गालाच्या आत तंबाखूची, गुटख्याची गोळी वर्षानुवर्षे धरलेली. आधी तोंड उघडेनासे होते, तिखट सोसेनासे होते, मग न भरणारा फोड. जबड्याचे हाड काढावे लागले तर पायाच्या नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा करतात. त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. फाट्यावर बसल्या जागी मला पुड्या दिसतात.

१८
भाजलेल्या बायका. स्टोव्ह, चूल, पदर. मानेची कातडी आखडून हनुवटी छातीला चिकटते. ती सोडवून मांडीची कातडी तिथे लावतात. नंतर ती पुन्हा आखडू नये म्हणून मानेचा पट्टा आणि व्यायाम महिनोन्महिने चालू ठेवावे लागतात. पट्टा गरम होतो, घाम येतो, घरचे म्हणतात काढून टाक. काढून टाकला की सगळे वाया.

१९
विम्याच्या कागदात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र धरतात. जीएसटीचा नियमही असाच: उपचारांवर कर नाही, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर आहे, जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत भाजलेले बसतात, वयाने उतरलेला चेहरा बसत नाही.

हा भेद मला बरोबर वाटतो. पण स्वतःच्या कमाईतून चेहरा वर करून घेणाऱ्या बाईला नावे ठेवणे बरोबर वाटत नाही.

२०
आता फेसलिफ्टनंतर बरे होण्याबद्दल. याविषयी जाहिरातीत एक ओळ असते आणि घरी सहा महिने.

पहिले चोवीस तास सर्वांत जोखमीचे. कातडीखाली रक्त साठते ते बहुतेक याच काळात. एका गालाला अचानक वाढणारी सूज, ठणका, ताण जाणवला तर थांबायचे नाही. टाके उघडून रक्त काढावे लागते, उशीर झाला तर वरची कातडी मरते. म्हणून नांदेडला केली असो वा हैदराबादला, पहिली रात्र दवाखान्यात किंवा दवाखान्याजवळ काढावी. त्याच संध्याकाळी गाडी करून गावी येऊ नये. रक्त साठण्याचे मोठे कारण रक्तदाब असतो. बीपीची गोळी चुकवणारी माणसे आपल्याकडे घरोघर आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त. नळ्या ठेवल्या असतील तर एक-दोन दिवसांत निघतात. डोके उशीवर उंच ठेवून उताणे झोपायचे. डोळ्यांखाली, मानेवर काळेनिळे उतरते. आठवड्या-दहा दिवसांत टाके निघतात. याच दिवसांत पुष्कळ बायकांना आरशासमोर रडू येते: पैसे घातले आणि हे काय झाले. हे ठरल्यासारखे येते आणि जाते. आधी सांगितलेले असेल तर सोसते.

दोन आठवड्यांनी माणूस चारचौघांत जाऊ शकतो. जोराचे काम चार ते सहा आठवडे नाही. आमच्याकडे याचा अर्थ नीट सांगावा लागतो. वाकून झाडणे नाही, घागर उचलणे नाही, चुलीपुढे ओणवे बसणे नाही, गवताचा भारा नाही, कापूस वेचणे नाही. हे सगळे कोण करणार ते शस्त्रक्रियेआधी ठरवायचे. ठरत नसेल तर शस्त्रक्रियाच पुढे ढकलायची.

कानाभोवतीचा बधिरपणा काही महिने राहतो. कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस या कामात सगळ्यात जास्त दुखावते. तोवर गरम वाफ, इस्त्री, चूल यांपासून कान जपायचा, कारण भाजलेले कळत नाही. ओठाचा कोपरा किंवा भुवई तात्पुरती कमी हलली तर बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत सुधारते. कायमची इजा विरळा, पण होते. खरा चेहरा तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. व्रण फिका व्हायला वर्ष लागते.

२१
तंबाखू वेगळी लिहायला हवी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सोडवलेली असते, तिचे रक्त आधीच कमी झालेले असते. त्यात तंबाखू आली की कानामागची कातडी काळी पडून गळते. शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर बंद. विडी-सिगारेट बंद म्हटले की आमच्या बायका म्हणतात, मी कुठे ओढते. मशेरी? ती दातांसाठी आहे. डॉक्टरांनी मशेरी हा शब्द उच्चारून विचारले पाहिजे.

२२
हिंगोली, वसमत हा हळदीचा पट्टा. शिजवलेली हळद अंगणात, शेतात वाळत असते. जखमेवर हळद लावण्याची आमच्या हाताला सवय आहे. टाक्यांवर ती लावू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम, आणि नंतर ऊन लागू न देणे. आपली कातडी उन्हाने व्रणावर काळी डागळते, काहींचा व्रण फुगून केलॉइड होतो. छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचलेल्या जागी गाठ आलेली असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. एप्रिल-मेमध्ये तर ही शस्त्रक्रिया आमच्या भागातल्या माणसाने करूच नये, असे माझे मत.

२३
पुरुषांमध्ये रक्त साठण्याचे प्रमाण जास्त; दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. शिवाय गाल मागे ओढला की दाढीचे केस कानाला भिडतात. कुठे वस्तरा फिरवावा लागेल हे आधी विचारून घ्यावे.

२४
हिंगोलीच्या वाटेने पुढे वाशीम, मग अकोला. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी होती: गोरे होण्याची क्रीम वापरून एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. क्रीमला कोणी शस्त्रक्रिया म्हणत नाही, म्हणून तिच्यासाठी संमतीही कोणी विचारत नाही.

२५
स्टिरॉइडचे मलम खाजेसाठी असते. मुली ते गोरेपणासाठी लावतात. आठ दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, पुरळ येते. बंद केले की आग होते म्हणून पुन्हा लावतात. या मलमांवर डॉक्टरची चिठ्ठी लागते असे लिहिलेले असते. एक मुलगी माझ्यादेखत नुसते नाव सांगून घेऊन गेली.

२६
"तोंड वाकडं झालं, वारं लागलं." सकाळी उठल्यावर एका बाजूचा डोळा मिटेना, पाणी ओठातून गळते. बहुतेकदा तो बेल्स पाल्सी असतो आणि बरा होतो. पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे गेले तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चांगला फरक पडतो. हातपायही लुळे असतील, बोलणे अडखळत असेल तर तो मेंदूचा झटका समजून तासाच्या आत मोठा दवाखाना गाठायचा. लेप, दोरा, पाला यांत ते तीन दिवस जातात. मज्जातंतू कधीच परतला नाही तर मांडीच्या स्नायूवरचे चिवट आवरण काढून ओठाचा कोपरा वर बांधतात. त्याने जेवताना अन्न गळत नाही.

२७
निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता मोबाइलला चेहरा दाखवून काढता येतो.

२८
मावशींना म्हटले, तुम्हाला करायचे आहे का? "मला न्हाई. लेकीला. नवऱ्यानं टाकलंय, म्हणतो म्हातारी दिसतीस." लेक सदतीस वर्षांची. तिच्या दंडाला हात लावला तर हाड लागले. रक्त तपासून घ्या म्हटले, दोन वेळ पोटभर जेवू द्या म्हटले, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत फुकट वकील मिळतो तेही सांगितले. सदतीसाव्या वर्षी फेसलिफ्टची गरज जवळजवळ कोणालाच नसते. नवऱ्यासाठी करायची गरज कोणालाच, कधीच नसते.

२९
ज्यांना खरोखर करायची आहे त्यांच्यासाठी. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा तत्सम पदवी आहे का ते पाहा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहा. भूलतज्ज्ञ स्वतंत्र असेल का विचारा. रात्री काही झाले तर फोन कोण उचलणार, विचारा. बीपी, साखर, रक्त पातळ करणारी गोळी, मशेरी, केलॉइड, सगळे सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. नटीचा फोटो नेऊ नका, स्वतःचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा न्या. गुण साधारण सात ते दहा वर्षे राहतो आणि वय पुढे चालूच राहते. घाईने तारीख देणाऱ्याकडून उठून या.

३०
अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. वेळेवर घेतला तर भुवया राहतात, नाक राहते आणि चेहऱ्याला सर्जनचा हात लागत नाही.